डब्यांवरची नावं

रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं :
संध्याकाळी पाचला कच्च्या भाज्या.
समोशाचं मी विचारलंही नव्हतं,
तरी खाली लिहिलं, समोसा बंद,
अन् दोनदा रेघ मारली.

आता बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
कूलरचं गवत वाळून चुरचुरतंय
आणि मी काकडी, गाजर, सिमला मिरचीचे तुकडे मांडून
दावणीला बांधल्यासारखा बसलोय.
नुसती काकडी उतरत नाही घशाखाली.
तिला कोणीतरी सोबत लागतं.

रत्नमाला चंद्रपूरला, लेकीच्या बाळंतपणाला.
आठ दिवस झाले.
फोन लावला. मागे बाळ टाहो फोडत होतं.
"वाटीभर डाळवं भिजू घाला अर्धा तास.
दोन पाकळ्या लसूण, मूठभर भाजलेले जवस,
लिंबू, मीठ, असलं तर दही.
घट्ट झालं तर पाणी टाकजा, चमचा चमचा,
नळाखाली नका धरू भांडं."

डाळवं कुठे?
"चहाच्या डब्यात."
मग चहा?
"रव्याच्या."
आणि रवा?
"रवा संपला जी, म्हणून तर चहा तिथं."
मग जरा थांबून,
"ओव्याच्या डब्याला हात नका लावजा. जुना झाला तो."

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली.
संत्र्याच्या पेट्यांवर कुठून, कुठे, किती किलो,
माझ्या अक्षरातली एक पेटी चुकीच्या गावी उतरली नाही.
हावड्याला जायची ती हावड्यालाच गेली.
आणि माझ्याच स्वयंपाकघरात
एका डब्याचं नाव खरं नाही.
हळदीत जिरं. जिऱ्यात सुटे पैसे.
शाबुदाण्यात गॅसच्या पावत्या, २०११ पासूनच्या.

जवस तव्यावर तडतडले,
एकदोन उडून गंजीत शिरले.
मिक्सर फिरवला, गर्र झालं
आणि लाईट गेली.
खालून हेडाऊंच्या पोट्ट्यानं शीळ घातली,
सगळ्या गल्लीची लाईट गेली की तो घालतो.
मग खलबत्ता काढला.
घाम नाकावरून टपटप. त्यात पडला नसावा.
अर्धं गुळगुळीत, अर्धं भरड,
मातीच्या रंगाचं, लसणाच्या वासाचं
काहीतरी जमून आलं.

मीठ राहिलं.
फोन नाही केला.
मिठाचा डबा मला ठाऊक होता.
मार्चमध्ये, रात्री दोन वाजता,
शुगर दोनशे साठ असताना
साखरेच्या डब्यात बोट घातलं होतं मी अंधारात.
खारट निघालं.
मी काही बोललो नाही.
सकाळी तीही काही बोलली नाही,
फक्त डबा वरच्या फळीवर गेला होता.

तो काढायला स्टुलावर चढलो
तर शेजारीच ओवा.

आता सांगितलंच नसतं तिनं
तर मी बघितलंही नसतं.
आत बर्डीच्या दुकानाचा कागद,
कागदात संत्रा बर्फी,
चार तुकडे, पाचवा दातानं अर्धा तोडलेला.
बारीक दात. तिचेच.
म्हणजे माझ्यासोबत तीन महिने
कारल्याचा रस घोटघोट पिणारी ही बाई.

फार वेळ उभा होतो स्टुलावर.
मग कागद होता तसाच घडी केला,
झाकण लावलं, दाबून,
मुंग्यांना फट राहायला नको.

खाली उतरून मीठ टाकलं, चिमूटभर.
काकडी बुडवली.
खरं सांगतो, चांगलं झालं होतं.
गाजराला तर जास्तच शोभलं.
वाटी निम्मी झाली तेव्हा फोन वाजला.

"जमलं का?"
जमलं. ओवा नाही टाकला, म्हटलं.

पलीकडे बाळही गप्प झालं होतं.
"बरं केलं," ती म्हणाली,
आणि मग, जरा हळू,
"आल्यावर बघू त्याचं.
दोघं मिळून."