एक बाजू, दोन बाजू

पंचवीस मासे मोजले सायमीने
बर्फातल्या भोकाशी, फळीवर आडवे ठेवून,
हातमोजा काढून, कारण मोज्यातल्या बोटाला
मिलिमीटर कळत नाही.
मुइक्कू. चांदीचे, वितीलाही न पुरणारे.

जुन्या नोंदवहीत लिहिलंय: सरासरी चौदा.
तेच शून्य गृहीतक. म्हणजे असं, की
काही घडलेलं नाही, तळं अजून तेच आहे,
हे आधी खरं मानायचं
आणि मग माशांना विचारायचं, पटतंय का.

आउलिसला पटत नाही. चाळीस हिवाळे
जाळं ओढलेला माणूस.
“बायकोच्या तव्यात सहा मावायचे.
आता आठवा घालते, तरी तवा दिसतो.”
तवा हे माप नव्हे, असं सायमी म्हणत नाही.
लिहून घेते.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक;
पण किती शितं, ते म्हणीत नाही,
आणि पातेल्यात कुठली, तेही.
खाली करपलेलं असू शकतं.

रात्री झोपडीत, स्टोव्हजवळ, आकडे.
सरासरी तेरा पॉइंट चार. विचलन दीड.
पंचवीसचं मूळ पाच, दीड भागिले पाच,
म्हणजे चौदाच्या खाली दोन पावलं. नेमकी दोन.
कोष्टकातला उंबरठा: दोन पॉइंट शून्य सहा.
एवढ्याशा फरकाने
तळं सुटलं.
निर्दोष म्हणून नव्हे. पुरावा कमी पडला म्हणून.

पण शेजारीच दुसरा रकाना आहे.
फक्त “लहान झालेत का?” एवढंच विचारलं असतं
तर उंबरठा एक पॉइंट सात एक,
आणि तळं अडकलं असतं.
तेच मासे, तोच बधिर अंगठा.
फक्त ते विचारायचं असतं जाळं सोडण्याआधी.
स्थळ पाहून पत्रिका मांडणारा जोशी
तिला व्हायचं नाही.

“फेटाळता येत नाही,” ती लिहिते.
आउलिस दोनदा वाचतो.
“म्हणजे वही बरोबर?”
“तसंही म्हणत नाही मी.”
“मग काय म्हणतेस?”
स्टोव्हमधलं लाकूड तडकतं.

सकाळी, अजून अंधारच,
भोकावर बर्फाची पातळ साय धरलेली.
सायमी कोऱ्या पानावर तारीख टाकते,
खाली एकच शब्द: लहान?
पान त्याच्यापुढे धरते.
तो सही करतो,
पेन्सिल तिच्या खिशात परत खोचतो
आणि कुऱ्हाड उचलतो.