तोल

सहापैकी तीन गेल्या, मग दोन.
आता एकच भिंगरी फिरते आहे तिच्या पोटात.
गणेशखिंडीतल्या आमच्या खोलीत, रात्री सव्वादोनला,
पडद्यावर आकड्यांची रांग आली.
तिचा अर्थ एवढाच :
डावीकडे म्हणजे कुठे?

बाहेर विद्यापीठ चौकातला सिग्नल
कुणासाठी नसतानाही लाल.

मागच्या मार्गशीर्षात मलाही असंच झालं.
वरच्या फळीवरचा डबा काढताना
अख्खं स्वयंपाकघर माझ्याभोवती फिरलं,
आणि मी फरशी धरून बसले, जणू तीच पडणार होती.
बाणेर रस्त्यावरचे कानाचे डॉक्टर गुजर म्हणाले,
कानात खडे असतात हो, वाळूहून बारीक.
निसटलेत जागेवरून.
कलिंगड पारखावं तसं त्यांनी माझं डोकं धरलं
आणि हळूहळू वळवलं.
"भिंतीवरच्या खिळ्याकडे बघा. नजर हलवू नका."
कॅलेंडर नसलेला खिळा.
मला हसूच आलं.
बावीस वर्षं मी तिला हेच सांगत आले आहे :
एक तारा धर. नजर हलवू नकोस.

बैठकांमध्ये नव्या दुर्बिणीला सगळे म्हणतात
'हिच्या जागी येणारी'.
हिच्या जागी कशी?
हिला जांभळ्याच्या पलीकडचं दिसतं,
नुकत्या पेटलेल्या ताऱ्यांचं बोचरं ऊन.
नवीला दिसणार तांबड्याच्याही खालचं,
राखेतल्या निखाऱ्याची ऊब.
कात्री मोडली म्हणून उत्तम कढई आणली,
कढईला कोण नावं ठेवील?
पण कापड कापायचं राहतंच.

शिवाय नवी उडायला सात वर्षं. कागदावर.
कागदावरचं वर्ष जरा बुटकंच असतं.
तोवर आकाशाला पाटी लावता येत नाही,
दुपारी एक ते चार बंद.
दहा हजार वर्षं चालत आलेला एखादा उजेड
आपल्या दारावरून जाईल,
घरात कुणी नाही म्हणून थांबणार नाही,
आणि शेजारी निरोप ठेवायला शेजारीही नाहीत.

तिकडे ती रोज थोडी खाली येते.
इतक्या उंचीवरही हवा आहे म्हणे, नावापुरती,
आमच्या खडकीच्या मानाने अगदी स्वच्छ.
तीच तिला ओढते.
कधीतरी समुद्र. कुठला, ते तेव्हा ठरेल.

शबनम तांबोळी नवीचा आरसा करते.
सकाळी आरसा, रात्री इथे,
स्वेटरच्या बाह्या तळहातापर्यंत ओढून
जुनीसाठी आज्ञा लिहीत बसते :
एका भिंगरीवर कसं उभं राहायचं,
सूर्य कुठे आहे, पृथ्वीचं चुंबक कुठे खेचतं,
या दोघांना चाचपत.
मी रात्री अंधारात मोरीकडे जाते तशीच,
एक बोट भिंतीला टेकवून.

मी तिला विचारलं होतं, तू कशाला जागतेस?
तुझी तर अजून उडायचीही आहे.
ती म्हणाली, म्हणूनच.
मग कीबोर्डवरचा बिस्किटाचा चुरा फुंकरीनं उडवला.

दोन पंचविसाला आज्ञा गेली.
दोन सत्तावीसला ती वळू लागली,
थबकली, थोडी जास्तच वळली, परत आली.
एक तारा धरला. चांगला नाही, अंधुकच.
पण धरला.
तेवढ्यात ती क्षितिजाखाली गेली,
पुन्हा डोक्यावर यायला दीड तास.

शबनमनं थर्मास माझ्याकडे सरकवला. रिकामा.
भरून आणते म्हणून मी उठले
आणि उठताना टेबलाच्या कडेला
एक बोट टेकवलं.
तिनं पाहिलं.
काही बोलली नाही.
तारीख, वेळ घालून
वहीत काहीतरी लिहून ठेवलं.