डाव्या पॅडलचे आटे

एकतीस वर्षं अंबडला तपासणी विभागात होतो.
हातातून गेलेल्या बेअरिंगांची मोजदाद नाही,
नापास केलेल्यांची आहे.
म्हणून मखमलाबादच्या त्या पार्किंगमध्ये
सायकलीला हात लावायच्या आधी
एक फेरी मारली तिच्याभोवती, हात पाठीमागे बांधून.

"ग्रॅव्हल बाइक," वसुधा गायधनी म्हणाल्या,
"डांबर संपलं की हिचं सुरू होतं."
शाळेत भूगोल शिकवतात. बोलणंही
नकाशावर बोट ठेवल्यासारखं:
हा ओरखडा दुगावचा, उतारावर पडले होते.
हा पोचा काश्यपी धरणाचा...
नाही, पोचा नाही, चिखल आहे.
त्यांनी तो अंगठ्याने खरवडला.

फ्रेम स्टीलची, रंग कच्च्या चिंचेचा.
जोड बघितले टॉर्च धरून, खालच्या बाजूने,
जिथे विकणारा कधी पुसत नाही.
केसाएवढी चीर रंगाची की लोखंडाची
हे डोळ्यांआधी नखाला कळतं.
चेनवर पट्टी ठेवली: फूटभरात
पाव सूतसुद्धा ताणलेली नाही.
चाक फिरवलं, डिस्क ब्रेकच्या फटीतला उजेड
हलला नाही.
टांग टाकून उभा राहिलो,
नळी आणि मी यांच्यात दोन बोटं. बरोबर.
चाळीसचे टायर, मागची नक्षी गेलेली;
हजार तिथे कमी केले, मनातल्या मनात.

नवी एक लाख वीसला. ही बहात्तरला.
माझ्या खिशातलं पाकीट पासष्टचं.

"एवढी नीट ठेवलेली, मग विकताय का?"
हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो,
आणि उत्तरापेक्षा चेहरा बघायचा असतो.
"गुडघा," त्या म्हणाल्या. "दुखत नाही. वाजतो.
गिरणाऱ्याच्या चढाला सुरू झालं,
दर फेरीला एक टक्.
एक्सरे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वय.
मुलगा म्हणाला, आता बास."

पाटाच्या रस्त्याने चालवून बघितली.
मुरूम, खडी, मध्येच गाळ; एका हाताला
कागदात बांधलेले द्राक्षांचे घड.
टायर सगळं गिळत होते, मनगटापर्यंत
काही येत नव्हतं. घेतलीच, म्हटलं.
आणि चढ लागला तसं
टक्.
मी माझ्या गुडघ्याकडे बघितलं.
टक्.
सीटवरून उठून मारलं पॅडल. टक्.
त्याचा काही दोष नव्हता, बिचाऱ्याचा.

परत आलो. ब्रेक दाबून धरला,
डाव्या पॅडलवर नुसता तळहात रेटला.
टक्.
"हा तुमचा गुडघा," मी म्हणालो.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या,
फळ्यासमोर उभं केल्यासारखं.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनीच हात लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

पंधराचा पाना माझ्या पिशवीत असतोच.
डावीकडचे आटे उलटे, हे न कळून
लोक सोडवायला जातात आणि आवळत बसतात.
पॅडल निघालं. आट्यांत लाल मुरूम,
कोरडा, पिठासारखा. फडक्याने पुसला,
वाटाण्याएवढं ग्रीस, आणि बसवलं.
खरं तर आधी पाकीट काढायचं,
मग पाना. व्यवहार असा करतात.

"आवाज गेला का, बघून येते," म्हणाल्या.
दहा मिनिटं. वीस.
मुलाने आणून दिलेल्या चहावर साय धरली.
मुलगा गेटकडे बघत होता, मग माझ्याकडे,
मी काहीतरी बिघडवल्यासारखा.

फोन आला. वारा भरलेला, आणि त्यात धाप.
"मुंगसऱ्याला आहे हो मी!
थांबता का जरा?"
बसची वेळ झालीय म्हणालो. बस
दर अर्ध्या तासाला असते.

पाना तिथेच विसरलो. दुसरा घेता येईल.
खिडकीपाशी जागा मिळाली.
पाकीट चाचपलं नाही:
बोटांना ग्रीस होतं,
नोटा खराब झाल्या असत्या.