दाब, धर, सोड

एप्रिल उजाडला तरी शेलेफ्तेओच्या सावलीतल्या बाजूला
बर्फाचे काळपट ढिगारे आहेतच,
हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली खडी कुणी झाडलेली नाही.
गॅरेजचं दार अर्धं वर. आत माझी वोल्वो,
मोहरीच्या रंगाची. गाडी एकाहत्तर सालची,
मी एकाहत्तर वर्षांची, फॉर्म भरताना गफलत होते.
तिच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा:
किल्ली फिरवली की लागतो
आणि विझायचं नाव घेत नाही.

पेडलवर वरच्या मजल्यावरचा फिल्मोन, वय तेरा.
सात महिन्यांपूर्वी अस्मारातून आला,
पाय जेमतेम पोचतो, पाठीला उशी लावली आहे.
मी गाडीखाली, पुठ्ठ्यावर उताणी.
त्याला तीन शब्द दिलेत: दाब. धर. सोड.
प्रत्येक शब्दाला तो वरून "हं" म्हणतो,
आणि "धर" म्हटलं की श्वाससुद्धा धरतो.
मला ऐकू येतं.

आधी सोपं ते. हँडब्रेक पूर्ण खाली: आहे.
टाकीतलं तेल रेघेपर्यंत: आहे.
दाब. धर.
डावं पुढचं चाक कोरडं. उजवं कोरडं.
मागचं डावं, जिथे गेल्या शरदात होज फुटला होता
आणि मी पुलावरून घरापर्यंत
दुसऱ्या गिअरमध्ये देवाचं नाव न घेता आले,
तेही कोरडं. नवा होज, मी स्वतः बसवलेला.
सोड.

मग हा कशाची बोंब मारतो आहे?

स्विचची तार काढली. दिवा विझला.
फिल्मोन टाळ्या वाजवायला लागला.
नाही रे. तार तोडून गप्प करणं
म्हणजे दुरुस्ती नव्हे.
हे मला स्वीडिशमध्येही नीट सांगता येईना,
तार परत लावून दाखवली. लाल.
"अच्छा," असं काहीतरी तो आपल्या भाषेत म्हणाला.

त्या पितळी ठोकळ्यात एक पिस्टन असतो, बोटाच्या पेराएवढा.
दोन बाजूंना दोन नळ्या,
दोघींकडे पुढची दोन्ही चाकं, मागचं मात्र एकेकच.
दोन्हीकडून सारखा दाब असेल तोवर तो मधोमध.
एक नळी ढिली पडली की तो तिकडे कलतो,
स्विचची पिन वर उचलली जाते, दिवा लागतो.
इथवर चोख.
पण नंतर होज बदला, हवा काढा, सगळं सुरळीत करा,
पिन सोडत नाही.
जी बातमी देते तीच त्याला परत येऊ देत नाही.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसं.

माझी एक बहीण आहे, ऊमेओला.
ते इथे नको.

चौदाचा पाना. पाव वळसा, अर्धा वळसा.
भोकात बोट घातलं: ओलं असेल तर सील गेले,
सुटे भाग मागवा, महिना गेला.
बोट कोरडं निघालं.
आणि आत, इतका बारीक की मी कल्पिला असेन,
टक्.
एवढंच. स्प्रिंगने त्याला जागेवर आणलं.
मी काही केलं नाही, फक्त आड येणारं बाजूला केलं.

स्विच परत. तार परत.
दाब, फिल्मोन, जोरात. धर.
लाल आहे?
त्याला "नाही" हा शब्द येतो. तो त्याने दोनदा म्हटला.

मी मात्र खुशाल सुस्कारा टाकणाऱ्यांपैकी नाही.
विझलेला दिवा बरा झालेला असतो
किंवा मेलेला.
गुडघे मोडत बाहेर आले, खिडकीतून हात घालून
हँडब्रेक ओढला: लाल. सोडला: काळा.
पुन्हा ओढला: लाल.
बल्ब जिवंत आहे. मग ठीक.

हात पुसले, थर्मासमधून कॉफी ओतली,
त्याच्यासाठी वेलदोड्याचा पाव काढला.
तो घेईना. चेहरा तांबूस,
दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं,
डोळे माझ्या तोंडाकडे.

अरे देवा.

सोड, बाळा. सोड.