ठरलेल्या थांब्यापर्यंत

मंगळवारी बाजार भरतो तेव्हा
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माझं टेबल लागतं.
एक पाय आखूड, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी.
शेजारी लसूणवाला, पलीकडे बांगड्या,
आणि मधे मी,
सव्वीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेली बाई,
आता सांगत बसते
कोणत्या कार्डावर कोणता दवाखाना.

पगार नाही, पाटीवर नाव नाही.
तरी कुणीतरी विचारतंच,
"मॅडम, तुमाले याचे किती भेटते?"
चहा भेटते, मी म्हणते.
तोही एखाद्या मंगळवारी.

पहिला प्रश्न पैशांचा.
"पाच लाख म्हनते बा. कोन्त्या बँकेत येतेत?"
ढेकलू मडावी पासबुक घेऊनच आलेला.
माझ्या पर्सच्या तळाशी अजून
जुनी चार-दोन तिकिटं निघतात.
त्यातलं एक त्याच्या तळहातावर ठेवते.
"हे पैसे होय का?"
"नाही जी."
"पन याच्याबिगर गाडीत बसू देते का?"
"नाही."
"तसंच कार्ड. ठरलेल्या गाडीचं,
ठरलेल्या थांब्यापर्यंत.
भरती झाले तर चालते.
तापाच्या गोळीले नाही चालत."
तो मान हलवतो,
पासबुक पिशवीत सरकवतो
जरासा हिरमुसून.

मग पंचफुला मेश्राम.
आधारवर पंचफुला, रेशनकार्डावर फुलाबाई,
मतदार यादीत पंचकुला,
आणि नवरा होता तोवर नुसतं "अवं".
मशीनवर अंगठा ठेवते. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवते. लाल.
तीस हंगाम वेचणीचे,
बोंडांच्या टोकांनी रेघा कधीच उचलून नेल्या.
"मी मीच हावो ना वं बाई?" विचारते हसत,
आणि लसूणवाला तराजू खाली ठेवून ओरडतो,
"लहानपनापासून पाह्यतो मी हिले, लिहून घ्या!"
त्याच्या साक्षीला रकाना नाही.
डोळ्यांचं मशीन तालुक्याला, शुक्रवारी.
मी चिठ्ठीवर गाडीची वेळ लिहून देते.
तेवढं मला न पाहता येतं.

एक गोष्ट टेबलावर सांगत नाही.
मागच्या उन्हाळ्यात शेख गफूरला
मी यवतमाळला पाठवलं,
अंगठ्याएवढ्या अक्षरांत दवाखान्याचं नाव लिहून.
दवाखाना यादीत होता.
त्याचा आजार त्या दवाखान्याच्या यादीत नव्हता.
रात्र पायरीवर काढली त्यानं,
पोटात खडा, उशाला पिशवी.
सकाळी सेवाग्रामची गाडी धरली.

बरा होऊन आला, तोही मंगळवारच.
मी उभी राहिले.
आता हा चारचौघांत माझी काढणार.
त्यानं दोन खरबुजं ठेवली टेबलावर,
टेबल डुगडुगलं.
"बाई, पाठवाच्या आधी फोन लावत जा.
पुढचा नोको बसाले पायरीवर."
एवढंच.
खरबूज नातवांनी खाल्लं.
माझ्या घशाखाली उतरलं नाही.

तेव्हापासून फोन लावल्याशिवाय
मी कुणाला हलू देत नाही.
तिकडून गाणं वाजतं, मग एक दाबा, दोन दाबा,
पुन्हा गाणं.
रांग कुरकुरते. ऊन ओट्यावर चढतं.
ढेकलूची म्हातारी शेजारणीला म्हणते,
"इतकी कोनासंग बोलते वं हे?
उचलत तं कोनीच नाही."
थांबा, मी म्हणते, थांबा जरा.

आणि उचलतो एकदाचा कुणी.
डॉक्टर आहेत? आहेत.
ह्या आजाराला कार्ड चालतं? चालतं.
उद्याच्या उद्या? पाठवा.

माझा हात आपोआप वर जातो,
डोक्यावरची दोरी चाचपतो.
ओट्याला कुठली दोरी.
मी तोंडानंच म्हणते,
जा.