उसनं कुसू

नागदेवी स्ट्रीटला हातिमभाईंच्या काउंटरवर
तीन वस्तू. दुपारचे बारा.

पहिलं जर्मन यंत्र, काळ्या पेटीत झोपलेलं.
हातिमभाई ते दोन्ही हातांनी उचलतात, तान्हं उचलावं तसं.
दात आतल्या आत डावी-उजवीकडे डोलतो,
शिंक यायच्या आत लाकडात खाच.
किंमत सांगताना ते पंख्याकडे बघतात.
मीही बघते पंख्याकडे.

दुसरी अ‍ॅल्युमिनियमची जिग, निळी.
मापं इंचात, माझं सगळं काम मिलिमीटरमध्ये,
स्क्रू आवळला तरी जरा हलते.
"चलता है, बेन."
चालतं खरं. कुठवर, ते खुर्चीत बसणाऱ्याला कळतं.

तिसरी नुसती एक पोलादी बुश,
राऊटरच्या तळाला लागणारी,
अंगठीपेक्षा थोडी मोठी. बाकीची जिग ज्याची त्याने करावी.

काम ठाकुरद्वारच्या एका वाचनालयाचं आहे.
बावीस खुर्च्या. पाय शाबूत, पाठी शाबूत,
कुसवं मात्र खांद्याशी मोडलेली,
कारण वाचणारे मागे रेलतात,
खून कुणी केला ते कळायला आलं
की खुर्ची दोनच पायांवर.

मोडलेलं कुसू पुन्हा फुटत नाही.
थोटूक कापायचं, दोन्ही लाकडांत खाच पाडायची
आणि मध्ये एक सुटं कुसू घालायचं.
या लाकडाचंही नाही, त्याही नाही.
"ह्यां उसन्याचां," बाबल मेस्त्री म्हणाले होते,
आणि तंबाखू थुंकायला रे रोडच्या गाळ्याबाहेर गेले,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
खुर्चीला आठ सांधे, सांध्याला दोन खाचा,
तीनशे बावन्न.
आणि मेस्त्रींच्या उजव्या मनगटाला पट्टा,
तो त्यांनी शर्टाच्या बाहीत लपवलेला.
बुश घेतली. आठ मिलिमीटरचा बिट घेतला.
हातिमभाईंनी पेटी मिटली. राग नाही, सवय.

जिग केली हायलमच्या तुकड्याची,
जुन्या स्विचबोर्डाचा, चार भोकं आधीचीच.
तीन वेळा मोजून मध्य काढला.
पहिला सांधा जोडला तर पायरी,
दीड मिलिमीटरची.
पुन्हा मोजलं. दिवा जवळ घेतला. पुन्हा पायरी.

मेस्त्री आले, सांध्यावरून नख फिरवलं.
"तोंड खंय आसा?"
दर्शनी बाजूवर मी खूणच केली नव्हती.
एक लाकूड सुलट टेकवलं होतं, एक उलट.
कानामागची पेन्सिल काढून
त्यांनी दोन्हींवर एकेक शेपटी ओढली
आणि तीच बाजू दोन्ही वेळा आडीला लावली.
जिगेचा मध्य चुकलेलाच होता, पाऊण मिलिमीटर.
तो तसाच राहिला.
दोन्ही लाकडं एकाच बाजूला तितकीच चुकली
आणि नख अडकलं नाही.

मी काहीतरी बोलणार होते,
बहुधा लाकडाविषयी नव्हे.
तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातली आरी सुरू झाली.

कुसवांची पट्टी मात्र त्यांनी स्वतः रंधली,
भंगारातल्या सागवानी चौकटीची.
कडा गोल केल्या, सरसाला वाट म्हणून बारीक चर पाडला.
अंगठ्याने ढकललं की आतली हवा फुस्स म्हणायची.
हातोडी लागली तर घट्ट. आपोआप पडलं तर सैल.
एकशे शहात्तर कापली,
माझ्यासमोर मोजून, बिस्किटांच्या डब्यात.

टेम्पो गेल्यावर गाळा झाडला.
डबा उचलला तर खुळखुळला.
आत आठ.

कोपऱ्यात, भुशाखाली, किकरं.
पात्याला अजून ताजा सरस.
कुठलीतरी एक खुर्ची चौकोनी खाचांची गेली,
उसनंच कुसू, पण हातच्या भोकात,
आणि मेस्त्री नळावर मनगट धरून उभे,
पाणी सोडलेलं, पट्टा खिशात.

मी डबा फळीवर ठेवला. झाकण लावलं.
"किती उरली?" त्यांनी पाठमोऱ्याने विचारलं.
मोजली नाहीत, म्हटलं.