हजेरी

लष्करात, दौलतगंजातल्या घरी,
तात्या देवांनाही उंचीप्रमाणे बसवत, मग गंध.
उशिरा उठलेल्या नातवाला प्रसाद मिळे,
पण उभ्याने.

शेवटच्या आठवड्यात
अथर्वशीर्ष मध्येच सुटलं
आणि पहाटे तीनला हजेरी सुरू झाली,
नववी ब, सन अडुसष्ट:
"कुशवाह रामदीन."
"जादौन हरिसिंह."
आई पदराला हात पुसत म्हणाली,
"उपस्थित, गुरुजी."
मग आम्ही सगळेच कोणी ना कोणी झालो,
सून, जावई, सलाईन बदलणारा पोरगाही.
फक्त "बघेल मोतीलाल"ला
कोणाचंच उत्तर चालेना.
डोळे मिटूनच म्हणत, "तू नव्हेस."

तेराव्याला एक म्हातारा आला,
चपला हातात, उंबऱ्याबाहेरच थांबला.
"देर हो गई," एवढंच.
पाट मांडला होता.
आईने प्रसाद पुढे केला,
त्याने उभ्यानेच घेतला.